अंतर पाऊण तासाचं, तिकीट दीड तासाचं

मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या विमानाचं एक तिकीट माझ्या समोर आहे. सुटायची वेळ सकाळी ६.१०, पोहोचायची ७.४५. म्हणजे एक तास पस्तीस मिनिटं. आता साधा शाळेतला हिशेब करू. दोन्ही विमानतळांमधलं हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. या मार्गावर उडणारं एअरबस ए-३२० सारखं विमान एकदा वर पोहोचलं की ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास वेगाने जातं. ६८० भागिले ८३०, उत्तर येतं एकोणपन्नास मिनिटं. मग उरलेली सेहेचाळीस मिनिटं कुठे गेली?

ज्यांची मुलं लंडनला किंवा अमेरिकेत असतात, त्यांना दुसरं कोडं पडलेलं असतं. मुंबईहून लंडनला जाताना जितका वेळ लागतो, त्याहून तासभर कमी वेळ परत येताना लागतो. अंतर तेच, विमान त्याच जातीचं, मग हा तास कोण देतं आणि कोण घेतं?

दोन्ही कोडी सुटतात, आणि त्यासाठी विमानशास्त्र शिकावं लागत नाही. दोन विमानतळांमधलं अंतर हा एक आकडा आहे. वेळ मात्र अनेक आकड्यांची बेरीज आहे, आणि विमानाचा वेग हा त्या बेरजेतला फक्त एक आकडा.

६८० हा आकडा आला कसा?

मुंबई ते नागपूर रेल्वेने ८३७ किलोमीटर आहे. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटरचा आहे. रूळ घाट चुकवतात, गावं जोडतात. रस्ता नद्या-डोंगर बघून वळतो. हवाई अंतर म्हणजे यातलं काहीही न बघता जमिनीवर धरलेली ताणलेली दोरी.

हे अंतर घरी बसून काढता येतं. मुंबई विमानतळ १९.१ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७२.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपूर आहे २१.१ आणि ७९.१ वर. म्हणजे नागपूर मुंबईच्या २ अंश उत्तरेला आणि ६.२ अंश पूर्वेला.

आता अंशांचे किलोमीटर करायचे. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, तो ३६० अंशांत वाटला की एका अंशाला १११ किलोमीटर येतात. उत्तर-दक्षिण मोजताना हा आकडा सगळीकडे जवळपास तोच राहतो. पूर्व-पश्चिम मोजताना मात्र तो बदलतो. का, ते नागपूरच्याच संत्र्यावर कळतं. सोललेल्या संत्र्याच्या फोडी मधे रुंद असतात आणि दोन्ही टोकांना निमुळत्या होत जातात. रेखांशाच्या रेषा म्हणजे या फोडींमधल्या शिरा. विषुववृत्तावर दोन शिरांमध्ये १११ किलोमीटर, ध्रुवावर शून्य, आणि आपल्या महाराष्ट्राच्या पट्ट्यात सुमारे १०४.

म्हणून उत्तरेकडे २ गुणिले १११, म्हणजे २२२ किलोमीटर. पूर्वेकडे ६.२ गुणिले १०४, म्हणजे सुमारे ६४५ किलोमीटर. या झाल्या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू. पायथागोरसचा नियम लावला की कर्ण येतो ६८२ किलोमीटर. आठवीच्या भूमितीने विमानाचं अंतर काढून दिलं.

सपाट नकाशा कुठे चकवतो

हा त्रिकोणाचा हिशेब मुंबई-नागपूर, पुणे-दिल्ली अशा टप्प्यांना चालतो. अंतर वाढलं की पृथ्वीचा गोलपणा आडवा येतो.

भिंतीवरच्या जगाच्या नकाशात मुंबईवर बोट ठेवा आणि पट्टी लावून न्यूयॉर्कपर्यंत रेघ ओढा. ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून जाते. या रेघेवरून विमान नेलं, तर सुमारे १४,२०० किलोमीटर उडावं लागेल. आता शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि त्या दोन शहरांमध्ये एक दोरा ताणून धरा. दोरा मुंबईहून थेट वायव्येकडे चढतो, रशिया आणि स्कँडिनेव्हिया ओलांडतो, आइसलँडच्या दक्षिण भागावरून जातो, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो आणि न्यूयॉर्कला पोहोचतो. या वाटेची लांबी सुमारे १२,५०० किलोमीटर. नकाशावर लांबचा वळसा दिसणारी वाट प्रत्यक्षात सतराशे किलोमीटरने जवळची आहे.

याचं कारणही संत्र्याच्या सालीत आहे. साल टेबलावर सपाट करायला गेलं की ती फाटते. ती न फाटता चौकोनी कागदावर बसवायची, तर टोकांकडचा भाग ओढून ताणून रुंद करावा लागतो. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये नेमकं हेच केलं. जहाजांना दिशा धरायला तो नकाशा फार उपयोगी पडला, पण ध्रुवांजवळचा प्रदेश त्यात भलताच फुगला. त्या नकाशावर ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे.

गोलावर ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. दोरा तसाच पुढे नेऊन गोलाभोवती पुरा गुंडाळला, तर पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग होतात. गोलावर दोन ठिकाणांमधली याहून जवळची वाट नसते. दोन विमानतळांमधलं अंतर म्हणून जो आकडा दिला जातो, तो याच वाटेचा असतो.

मिनिटांचा जमाखर्च

परत मुंबई-नागपूरच्या सेहेचाळीस मिनिटांकडे येऊ. मे महिन्यातल्या एका प्रवासात मी खिडकीशी बसून घड्याळ बघत नोंदी केल्या होत्या. बोर्डिंग पासच्या पाठीवर चारच आकडे लिहिले.

विमान जागेवरून हललं तेव्हा ६.१० झाले होते. चाकं जमिनीवरून सुटली ६.२९ ला. नागपूरच्या धावपट्टीवर चाकं टेकली ७.३३ ला. दारापाशी येऊन विमान थांबलं ७.३९ ला. एकूण ८९ मिनिटं, त्यातली हवेत फक्त ६४.

पहिली एकोणीस मिनिटं मुंबईच्या जमिनीवरच गेली. एका लहान ट्रॅक्टरने विमान मागे ढकललं, इंजिनं सुरू झाली, मग रांग. मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना फुलीसारख्या छेदतात. त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी मोकळेपणाने वाहतूक करता येत नाही, बहुतेक काम एकीवरच चालतं. उतरणारी आणि उडणारी विमानं आळीपाळीने तीच पट्टी वापरतात. सिग्नलला उभ्या असलेल्या बसमध्ये इंजिनाची ताकद कितीही असो, उपयोग शून्य. तसंच हे.

विमान उडालं, आणि खिडकीतून दिसला जुहूचा किनारा. नागपूर पूर्वेला, आणि आम्ही निघालो पश्चिमेला, अरबी समुद्रावर. विमानाला उचलणारी शक्ती पंखांवरून वाहणाऱ्या हवेतून मिळते, म्हणून ते वारा समोरून घेत उडतं. मुंबईत वारा बहुधा समुद्रावरून येतो, म्हणून उड्डाणही बहुधा समुद्राकडे होतं. पुढे पाण्यावर एक मोठं वळण घेऊन आम्ही पुन्हा शहर ओलांडलं आणि मगच खरा प्रवास सुरू झाला. अंतराच्या हिशेबात हे वळण कुठेच नव्हतं.

नंतर चढण. साधारण दहा हजार फुटांच्या खाली विमानांना ताशी २५० सागरी मैल, म्हणजे सुमारे ४६३ किलोमीटर, ही वेगमर्यादा असते. पस्तीस हजार फुटांपर्यंत पोहोचायला वीसेक मिनिटं लागतात. घाटात चढणारी गाडी सपाटीचा वेग घेत नाही, तसं विमानही या टप्प्यात पूर्ण वेगात नसतं.

उतरणीचंही तेच. वैमानिकांचा एक सोपा ठोकताळा आहे: दर हजार फूट उंचीमागे तीन सागरी मैल आधी उतरायला लागा. पस्तीस हजार फुटांना हे झाले १०५ सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे नागपूर सुमारे १९५ किलोमीटर दूर असतानाच विमान खाली यायला लागतं. चढणीचे दोनशेक आणि उतरणीचे दोनशेक किलोमीटर वजा केले, की ताशी ८३० च्या वेगाने जायला मधला तुकडाच उरतो. माझ्या त्या प्रवासात तो वीसेक मिनिटांचा असेल.

म्हणूनच जवळच्या प्रवासात विमानाच्या वेगाचा फायदा फार थोडा मिळतो. मुंबई-पुणे हवाई अंतर जेमतेम १२५ किलोमीटर आहे. तिथे विमान पुरतं वर चढायच्या आतच उतरायची वेळ येते.

तिकिटावरची वेळ ही विमान जागेवरून हलण्यापासून दुसऱ्या गावी जागेवर थांबेपर्यंतची असते. याला विमान कंपन्या ब्लॉक टाइम म्हणतात. ब्लॉक म्हणजे ठोकळा. घाटात ट्रक उभा केला की क्लीनर चाकाखाली दगड सरकवतो, तसे उभ्या विमानाच्या चाकांपुढे-मागे ठोकळे लावलेले असतात. ते काढल्यापासून परत लावेपर्यंतचा हा वेळ. रांग लागेल, उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालाव्या लागतील, हे धरून कंपन्या त्यात थोडी मिनिटं राखीव ठेवतात. आम्ही तिकिटापेक्षा सहा मिनिटं आधी पोहोचलो, ती याच राखीव साठ्यातली.

आकाशातले रस्ते आणि बंद दारं

आकाश मोकळं दिसतं, पण त्यात रस्ते आखलेले असतात. ठरावीक बिंदूंना पाच अक्षरी नावं दिलेली असतात आणि विमानं बहुधा या बिंदूंवरून पुढे सरकतात. त्यामुळे उडालेलं अंतर ताणलेल्या दोरीपेक्षा थोडं जास्तच भरतं. लष्करी सरावाचे पट्टे, मोठी वादळं, ज्वालामुखीची राख यांनाही वळसा घालावा लागतो.

सगळ्यात महाग वळसा असतो बंद झालेल्या देशाचा. २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, ती पुरती उघडली जुलैत. २४ एप्रिल २०२५ ला भारतीय कंपन्यांसाठी ती पुन्हा बंद झाली आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय विमानांना आधी दक्षिणेकडे येऊन अरबी समुद्रावरून जावं लागलं. २०२२ पासून रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद आहे. हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास त्यामुळे सुमारे तेरा तासांवर गेला. या शहरांमधलं अंतर एका मीटरनेही वाढलेलं नाही, वाढली ती वाट.

वाऱ्याची नदी

आता लंडनचा तो तास. पुष्कळांना वाटतं की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून हा फरक पडतो. तसं असतं, तर पश्चिमेला जाणाऱ्याला उलट फायदा झाला असता, लंडन स्वतःच त्याच्याकडे चालत आलं असतं. पण पृथ्वी फिरताना आपलं वातावरणही बरोबर घेऊन फिरते. धावत्या रेल्वेच्या डब्यात शेंगदाणा वर उडवला तर तो आपल्याच हातात पडतो, मागच्या बाकावर जात नाही. विमान हे त्या डब्यातल्या शेंगदाण्यासारखं आहे.

फरक पाडतो तो वारा. विषुववृत्ताकडची हवा उबदार आणि ध्रुवाकडची गार. या दोन हवांच्या सीमेवर, जमिनीपासून सुमारे दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे अरुंद, वेगवान पट्टे तयार होतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तापमानातला फरक वाढतो आणि या वाऱ्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते आणि ते एस्परांतो भाषेत प्रसिद्धही केले होते. जगाने त्यांची खरी दखल घेतली ती दुसऱ्या महायुद्धात, जपानवर उडणाऱ्या अमेरिकी विमानांना हे वारे प्रत्यक्ष भेटले तेव्हा.

विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्याने ही गोष्ट चांगली समजते. पट्ट्याच्या दिशेने चाललात तर चाल न वाढवता लवकर पोहोचता. उलट दिशेने चाललात तर पाय तेवढेच चालतात, अंतर मात्र रेंगाळत कापलं जातं. लंडनहून येणारं विमान पट्ट्याबरोबर चालतं, जाणारं पट्ट्याविरुद्ध. ९ फेब्रुवारी २०२० ला अटलांटिकवर वादळ होतं. त्या दिवशी ब्रिटिश एअरवेजचं एक बोईंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. त्या उंचीवर ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो, तरी विमानाने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती. भोवतालच्या हवेच्या मानाने ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, हवाच धावत होती.

जाताना गेलेला वेळ येताना पुरता परत मिळतो का? नाही. समजा अंतर १,८०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, वारा ताशी १००. समोरून वारा असताना वेग उरतो ८००, लागतात सव्वादोन तास. पाठीशी असताना वेग होतो १,०००, लागतात १ तास ४८ मिनिटं. एकूण ४ तास ३ मिनिटं. वारा नसता तर बरोबर चार तास लागले असते. प्रतिकूल वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तोटा नेहमी थोडा जास्तच होतो.

आपल्याकडे याला एक खास जोड आहे. पावसाळ्यात दक्षिण भारतावर, सुमारे १४-१५ किलोमीटर उंचीवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट वारा तयार होतो. तिबेटचं पठार उन्हाळ्यात तापतं, त्याचा यात मोठा वाटा आहे. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात या वाऱ्याचा अभ्यास मांडला, आणि आज मान्सून समजून घेताना तो आधाराला घेतला जातो.

घड्याळ बदलतं तेव्हा

देशाबाहेरच्या तिकिटावर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सुटायची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोहोचायची वेळ पोहोचण्याच्या गावची. समजा हिवाळ्यात मुंबईहून दुपारी १ ला निघालेलं विमान लंडनला संध्याकाळी ५.३० ला पोहोचतं. वजाबाकी साडेचार तास येते. पण हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं. ते मिळवले की खरा प्रवास दहा तासांचा. परतीचं विमान रात्री ८ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी १०.३० ला मुंबईत येतं. वजाबाकी साडेचौदा, त्यातून साडेपाच काढा, उरतात नऊ. उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये घड्याळ तासभर पुढे करतात, तेव्हा साडेपाचऐवजी साडेचार धरायचे.

विमानं जास्त वेगाने का जात नाहीत?

एअर इंडियाने १९६० मध्ये बोईंग ७०७ घेऊन न्यूयॉर्कची सेवा सुरू केली. तेव्हापासून प्रवासी विमानांचा वेग जवळपास तेवढाच आहे. ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा अडथळा झपाट्याने वाढतो आणि त्याबरोबर इंधनाचा खर्च. कॉन्कॉर्ड हे विमान १९७६ पासून २००३ पर्यंत ध्वनीच्या दुप्पट वेगाने प्रवासी नेत होतं, पण तो खर्च परवडला नाही. गेल्या साठ वर्षांतली सुधारणा इंधनात, सुरक्षिततेत आणि पल्ल्यात झाली आहे, वेगात नाही.

थोडक्यात

- विमानतळांमधलं अंतर म्हणजे गोलावर ताणलेल्या दोऱ्याची लांबी. प्रत्यक्ष वाट त्याहून थोडी लांब असते.
- तिकिटावरचा वेळ जागेवरून हलण्यापासून जागेवर थांबेपर्यंतचा. त्यात रांग, चढण, उतरण आणि राखीव मिनिटं धरलेली असतात.
- देशातल्या प्रवासाचा ढोबळ अंदाज: हवाई अंतर भागिले ८३०, त्यात पाऊण तास मिळवा.
- लांबच्या प्रवासात पूर्वेला येताना वारा बहुधा पाठीशी, पश्चिमेला जाताना समोरून.
- परदेशी तिकिटावर घड्याळातला फरक मिळवा किंवा वजा करा, मगच प्रवासाचा वेळ ठरवा.

पुढच्या विमानप्रवासात बरोबरच्या मुलांना एक काम द्या. जागेवरून हललो, उडालो, टेकलो, थांबलो, या चार वेळा बोर्डिंग पासच्या मागे लिहायला सांगा. घरी आल्यावर त्यांना अक्षांश-रेखांशावरून अंतर काढू द्या आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवू द्या. भूगोल, भूमिती आणि हवामान हे तीन विषय एका कागदाच्या पाठीवर एकत्र येतील, आणि मुलांना ते आयुष्यभर लक्षात राहतील.